मागे बायको, बाजूला बॅगा आणि पुढे कशेडी: स्पोर्ट-टूरर घेताना काय बघायचं

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, उंची साडेपाच फूट. रोज घोडबंदर रोडवरच्या ऑफिसला जाणं-येणं, महिन्यातून एकदा बायकोला घेऊन गुहागर, नाशिक नाहीतर कोल्हापूर. समोर दोन पर्याय आहेत: ओळखीतल्या एकाची जुनी, १००० सीसीची चार सिलिंडरवाली, किंवा शोरूममधून नवी ३००-४०० ची. त्यामागचा खरा प्रश्न असा, की आदर्श स्पोर्ट-टूरर (चपळही आणि लांबच्या प्रवासाला आरामशीरही अशी मोटरसायकल) म्हणजे नक्की काय, आणि ब्रोशरमधले कुठले आकडे बघायचे?

कोपरीतल्या माझ्या गॅरेजला लांब पल्ल्याच्या गाड्याच जास्त येतात आणि सुट्टीच्या दिवशी मीही ग्रुपबरोबर बाहेर असतो. गाडी चालवताना काय होतं आणि परत आल्यावर तिची काय अवस्था असते, हे दोन्ही बघून लिहितोय.

स्पोर्ट-टूरर ही जात युरोपातल्या मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यांवर वाढली. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली. तिचं पूर्ण फेअरिंग (समोरचं, वारा अडवणारं आवरण) पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून बनवलेलं होतं, कारण त्या वेगात तासन्‌तास बसायचं तर वारा अडवणं हेच पहिलं काम. १९९० ची होंडाची एसटी ११०० पॅन युरोपियन त्याच वाटेवरची: मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट (फिरता दांडा) आणि टाकी तब्बल २८ लिटरची.

आपल्याकडे काय आहे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद. अटल सेतू बंद. समृद्धी बंद. मुंबईत शिरायचं तर ईस्टर्न फ्रीवेसुद्धा बंद. ज्या रस्त्यांवर मोठी गाडी मोकळी सोडता आली असती, त्या प्रत्येकाच्या तोंडाशी दुचाकीवर फुली मारलेली पाटी आहे. उरतो तो जुना पुणे हायवे आणि बोरघाट, नाशिकच्या वाटेवरचा कसारा, माळशेज, ताम्हिणी आणि पळस्पे फाट्यावरून निघणारा गोवा हायवे. त्यातही २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा. तेव्हा टॉप स्पीड आणि शून्य ते शंभर हे दोन आकडे ब्रोशरवर पेनाने खोडूनच टाका. तुमचा आकडा साठ ते ऐंशी हा आहे. पुढे कंटेनर, समोरून लाल परी, मधे जेमतेम जागा; अशा वेळी गिअर न पाडता गाडी पुढे निघते का, एवढंच बघायचं.

ब्रोशरमध्ये हे शोधायचं तर पॉवरची ओळ सोडा आणि टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या ओढीची, वाचा. त्यातही टॉर्क किती यापेक्षा तो किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) येतो ते बघा. डॉमिनार ४०० ला ३५ न्यूटन-मीटर साडेसहा हजारांवर मिळतो. निन्जा ३०० चा २६-२७ च्या आसपासचा टॉर्क पूर्ण हातात यायला दहा हजार आरपीएम लागतात. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० स्पोर्ट-टूरर नव्हे, पण तिचा ५२ सव्वापाच हजारांच्या आसपासच येतो, म्हणून दोघं आणि सामान घेऊन ती चढावर कुरकुरत नाही. निन्जा ३०० वाईट आहे असं मुळीच नाही. एकट्याने पहाटे माळशेजला जाऊन यायचं असेल तर ती पळवायला फार मजा येते. पण मागे वहिनी असतील तर प्रत्येक ओव्हरटेकला दोन गिअर पाडून इंजिन किंचाळवायचं, हे दिवसभर जमत नाही. आणि वहिनींना तर मुळीच आवडत नाही.

आता बसण्याबद्दल. पहिल्या तासात सगळ्याच गाड्या छान वाटतात. गाडी कळते ती माणगाव सोडल्यावर. हँडल, सीट आणि फुटरेस्ट या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि इथेच युरोपातला हिशेब आपल्याकडे चुकतो. पुढे झुकून बसायच्या गाडीवर दीडशेच्या वेगात वाराच छातीला टेकू देतो, त्यामुळे मनगटांवर भार येत नाही. आपल्या सत्तर-ऐंशीच्या वेगात तो टेकू मिळत नाही. वरच्या अंगाचं सगळं वजन तळहातांवर येतं, आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तर पूर्णच. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या की समजायचं, हँडल तुमच्यासाठी खाली आहे. म्हणून क्लिप-ऑन (फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांना, अडकवलेले हँडलचे सुटे तुकडे) असले तरी ते वरच्या टी प्लेटच्या (त्या नळ्या जोडणाऱ्या पट्टीच्या) वर बसवलेले हवेत, खाली नकोत. सरळ पाइपचं, थोडं उंच हँडल असेल तर आणखी चांगलं. दिसायला कमी स्पोर्टी वाटेल, वाटू दे.

सीटबद्दल लोक नेहमी फसतात. शोरूममध्ये मऊ वाटते ती सीट दोन तासांत तळाला बसते आणि पुढचं सगळं अंतर तुम्ही खालच्या पत्र्यावर काढता. घट्ट फोम सुरुवातीला टणक लागतो, पण टिकतो. अंगठ्याने जोरात दाबून बघा. सहज खाली तळ लागला तर ती सीट पुढेमागे बदलावीच लागणार. सीटचा उतार टाकीकडे असेल तर प्रत्येक ब्रेकला तुम्ही पुढे सरकता आणि मागून वहिनीही सरकतात. मग त्यांचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टक्‌कन आपटतं. घाट उतरताना दर वळणाला असा एक टोला बसला की पोलादपूरपर्यंत दोघांचं बोलणं बंद होतं. पिलियनची (मागे बसणाऱ्याची) सीट सपाट आणि रुंद असावी, मागे धरायला भक्कम ग्रॅब रेल असावी. मागचे फुटरेस्ट इतके वर नकोत की गुडघे छातीशी यावेत. स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये मागची सीट ही बहुतेक वेळा कायद्यापुरती दिलेली उशी असते. फोटोवरून हे कळत नाही. वहिनींना स्वतः बसवा आणि वीस मिनिटं बसवा.

मी सगळ्यात जास्त भांडतो ते मागच्या शॉकअपवरून. गॅरेजला गाडी येते, मालक म्हणतो हेडलाइट झाडांवर पडतो, वळणावर गाडी रुंद जाते, स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आवाज येतो. बघतो तर मागे तीन बॉक्स, दोन माणसांचं वजन, आणि प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) कंपनीतून आला तसाच, एका हलक्या रायडरसाठी सेट केलेला. सीटखालच्या टूलकिटमध्ये प्रीलोड फिरवायचा सी-स्पॅनर प्लास्टिकच्या पिशवीतसुद्धा न उघडलेला. गाडी मागून खाली बसली की पुढचं चाक हलकं होतं, फोर्कचा कोन बदलतो, दिवा वर जातो. वर सांगितलेले तिन्ही त्रास एकाच कारणाने होतात.

हे मोजायला टेप पुरते. मागचं चाक उचलून अ‍ॅक्सलपासून वरच्या मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या. मग दोघं पूर्ण जॅकेट-हेल्मेटसह, सामान लावून बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल १२० मिलिमीटर असेल तर ४० च्या आसपास. साठ भरत असेल तर प्रीलोड वाढवा. सगळा वाढवूनही साठच येत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनासाठी मऊ आहे, पुढे फिरवत बसू नका. या कामासाठी बाहेर एक नॉब असणं हे मला स्पोर्ट-टूररचं खरं लक्षण वाटतं: सोमवारी एकट्याने ऑफिस, शनिवारी दोघं आणि सामान, मधे हाताने दहा क्लिक. महागड्या गाड्यांत हा नॉब असतो, स्वस्त गाड्यांत स्पॅनर. स्पॅनरही चालतो, फक्त तो वापरायला हवा.

याच्याच बरोबर एक बेरीज करा, जी कोणी करत नाही. तुम्ही ७५ किलो, वहिनी ६०. दोघांचे जॅकेट, बूट, हेल्मेट मिळून १४. सामान २०. बॉक्स आणि त्यांचे रॅक १२. झाले १८१. आता मॅन्युअलमधलं कमाल एकूण वजन घ्या, त्यातून पेट्रोलसह गाडीचं वजन वजा करा. उरलेला आकडा १८१ पेक्षा मोठा आहे का? बऱ्याच देखण्या गाड्या इथे काठावर येतात.

सामान खाली आणि पुढे, हा एकच नियम. जड वस्तू बाजूच्या पॅनियरमध्ये (पेट्यांमध्ये) तळाला, टॉप बॉक्समध्ये फक्त रेनकोट आणि हलकी कापडं. टॉप बॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतो, त्यामुळे त्यातले दहा किलो हँडलला बाजूच्या वीस किलोंपेक्षा जास्त जाणवतात. ऐरोलीच्या खाडीपुलावर आडवा वारा सुटला की टॉप बॉक्सवाली गाडी लगेच ओळखू येते, पुढचं चाक सारखं हलकं-हलकं वळवळत असतं. आणि पॅनियरची रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. आपल्या ट्रॅफिकमध्ये हँडल गेलं म्हणजे गाडी गेली असं डोक्यात बसलेलं असतं. मग मागून रिक्षावाल्याचा आरसा घेऊन जाता.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. वेग ८० वरून १०० झाला की हवेचा रेटा दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. म्हणून आपल्या वेगात भलंमोठं फेअरिंग लागत नाही. छातीवरचा वारा अडला की पुरे. काचेची उंची मात्र जपून निवडा. अर्धवट उंच काच वारा नेमका हेल्मेटवर आणून सोडते आणि तासाभरात कानात घुमू लागतं. हेल्मेटच्या खालून वारा जात असेल किंवा पूर्ण वरून जात असेल तर ठीक. मधला सगळ्यात वाईट. बदलता येणारी काच असेल तर उत्तम. पावसात तोंडासमोर काच नकोच, पलीकडचं दिसलं पाहिजे.

फेअरिंगची दुसरी बाजू घोडबंदरला कळते. संध्याकाळी सात वाजता माजिवड्यापासून गायमुखपर्यंत, फर्स्ट-सेकंडमध्ये. रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि फेअरिंगच्या फटीतून गरम हवा थेट पोटरीवर आणि मांडीवर येते. मोठ्या चार सिलिंडरच्या गाडीत हे इतकं असतं की साध्या पँटवर बसवत नाही. मे महिन्यात तर विचारूच नका. तुमचं रोजचं ऑफिस याच रस्त्यावर आहे, म्हणून तुमच्यासाठी हा मुद्दा टॉर्कपेक्षाही वरचा आहे. गरम हवा कुठे बाहेर सोडली आहे ते फेअरिंगवर हात फिरवून बघा. पायाच्या बाहेरच्या बाजूला जात असेल तर चांगलं डिझाइन.

कंपनाबद्दल थोडं. एक सिलिंडर असलेल्या गाडीत ठराविक आरपीएमला फुटरेस्ट आणि आरशात थरथर येते. बॅलन्सर शाफ्ट ती कमी करतो, घालवत नाही. ही थरथर तुमच्या चालवायच्या वेगाला येते का, एवढंच तपासा. सहाव्या गिअरला ७५ ते ८० वर आरशात मागचा ट्रक ट्रकसारखा दिसतोय ना? मग झालं. चार सिलिंडरची गाडी वरकरणी लोण्यासारखी असते, पण वरच्या आरपीएमला तिचा बारीक झिणझिणाट हाताला जाणवतो. दोन सिलिंडर हा माझ्या मते मधला शहाणा मार्ग, खिशाला परवडत असेल तर.

टायरच्या बाबतीत एकच सांगतो: ट्यूबलेसच घ्या आणि पंक्चर किट, छोटा पंप बरोबर ठेवा. स्पोर्ट-टूरिंगचे म्हणून जे टायर मिळतात त्यांत मधलं रबर कडक आणि कडेचं मऊ असतं, ते याचसाठी. आपण बहुतेक वेळ सरळ चालवतो, मागचा टायर मधे सपाट होतो आणि मग घाटात गाडी वळणात एकदम पडल्यासारखी जाते. रबर शिल्लक दिसत असलं तरी असा टायर बदला. हवा दोघांची वेगळी, एकट्याची वेगळी. आकडे स्विंगआर्मवरच्या किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. पावसाळ्यात उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंग यावर वाकलेल्या गाडीने ब्रेक लावू नका. एबीएस सरळ रेषेत जितकं वाचवतं तितकं वाकलेलं असताना वाचवत नाही. कसारा किंवा बोरघाट दोघांनी उतरताना गिअरमध्ये इंजिन धरून ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली येईपर्यंत लिव्हर मऊ लागेल. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे मी सांगून थकलो.

शाफ्ट तुमच्या बजेटमध्ये येत नाही, म्हणजे चेन. साधारण दर पाचशे किलोमीटरला तेल, पावसात त्याच्याही आधी. तेल लावायला मागचं चाक उचलून फिरवावं लागतं, म्हणून इथे डबल स्टँडचा प्रश्न येतो. सायलेन्सर पोटाखाली असलेल्या बऱ्याच गाड्यांना तो बसतच नाही, आणि पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) काही कोणी गुहागरला घेऊन जात नाही. डबल स्टँड असलेली गाडी मिळाली तर तिला माझ्याकडून दोन गुण जास्त.

टाकीचा फार बाऊ नको. १३ लिटर आणि २८ चं अ‍ॅव्हरेज म्हणजे साडेतीनशेच्या पुढे. गोवा हायवेवर पंपांची कमी नाही आणि तेवढ्या वेळात पाठच उतरायला सांगते. जुन्या करिझ्माला २००३ साली १५ लिटरची टाकी होती, म्हणून २२३ सीसीची ती गाडी आपल्याकडच्या कितीतरी लोकांची पहिली टूरर ठरली. क्रूझ कंट्रोल, क्विकशिफ्टर, रंगीत स्क्रीन हे असलं तर असू दे. क्रूझ कंट्रोल लावायला इंदापूर-माणगावच्या रस्त्यावर जागा कुठे आहे?

आणि हो, कोणी सांगेल की स्पोर्ट-टूरर सोड, अ‍ॅडव्हेंचर (खराब रस्त्यांसाठीची उंच गाडी) घे. जगभर तेच झालं आहे, टूरिंगचं मोठं गिऱ्हाईक तिकडे गेलंय, आणि आपल्या खड्ड्यांकडे बघता त्यात तथ्य आहे. पुढचं १९ इंची चाक आणि लांब ट्रॅव्हल खड्ड्यात खरोखर उपयोगी पडतात. पण साडेपाच फुटांना उंच सीटवर मागे माणूस आणि सामान असताना पाय पूर्ण टेकत नाहीत, आणि गाडी पडते ती चालताना नव्हे, चहाच्या टपरीसमोरच्या उतारावर उभी करताना. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील तरच घ्या.

मग जुनी १००० की नवी ३००-४००? निन्जा १००० एसएक्ससारखी गाडी घेतली तर वजन २४० किलोंच्या आसपास, टाकी १९ लिटर, पॅनियर व्यवस्थित लागतात, पिलियनची सीटही चांगली. मोकळ्या रस्त्यावर तिच्यासमोर छोट्या गाड्या काहीच नाहीत. पण तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस घोडबंदरच्या गर्दीत काढणार. शिवाय जुन्या मोठ्या गाडीचा खर्च तिच्या आजच्या किमतीवर नसतो, नवीन असतानाच्या किमतीवर असतो: टायर, चेन किट, ब्रेक पॅड, विमा, सगळं त्या वर्गाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आणि खाली १८ टक्के झाला आहे, त्यामुळे नवी बघताना ३५० ची रेघ कुठल्या बाजूला पडते ते आधी बघा. मी तुमच्या जागी असतो तर नवी घेतली असती: उंच हँडल, सपाट सीट, साडेसहा हजारांच्या आत टॉर्क, चिपळूणला सर्व्हिस सेंटर. जुनी घ्यायचीच असेल तर टायरवरचे चार आकडे वाचा (३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा), फोर्कच्या नळीवर तेलाची रेघ आहे का बघा आणि इंजिन गरम करून फॅन सुरू होतोय ना याची खात्री करा.

टेस्ट राइड रविवारी सकाळी रिकाम्या पाम बीचवर घेऊ नका, तिथे काहीच कळत नाही. वहिनींना घेऊन कामाच्या दिवशी संध्याकाळी घोडबंदर, मग ऐरोली पूल, मग ट्रकांमधून मुंब्रा बायपास. शोरूमवाले एवढा वेळ देत नसतील तर तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने घ्या. आणि बजेटमधले पंधरा-वीस हजार गाडीत घालू नका, बाजूला ठेवा. पहिल्या गुहागरनंतर सीटचा फोम, रॅक आणि काच यांतलं काहीतरी बदलावं लागेलच. काय बदलायचं ते तेव्हाच कळतं.